खराब हवा

आईच्या कोपरापर्यंत माखलेली पांढरी छुईमाती, ओल्या भिंतीवर तिचा बोळा फिरताना उमटणाऱ्या अर्धवर्तुळाकार रेघा, आणि चाटून बघावासा वाटणारा तो गार वास... उकव्याच्या खाणीजवळचं आमचं घर पोळ्याआधी असं उजळून निघायचं. त्या वर्षी मात्र त्या मातीखाली दुसरा एक उग्र वास दबला होता. फवारणीवाले भिंतींवर मच्छरांचं औषध मारून गेले होते, आणि त्याचे मळकट डाग सणाच्या घरात ठेवणं आईच्या जिवावर आलं होतं.

पोळ्याच्या तोंडावर माझी पाच वर्षांची धाकटी बहीण विमल तापानं फणफणली. दवाखान्यातले कंपाउंडर काका आले; तिच्या नाडीआधी त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"वहिनी, औषधावर छुई काहून फिरवली? आता मच्छर कसे मरतीन? भिंतीले हात लावू नोका, सांगतलं होतं ना!"

"पोयाले घर घाण ठेवू का, भाऊ?" आई म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

'मलेरिया' हा शब्द मी तेव्हाच, काकांच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकला. बाबांनी आपला जाडजूड इंग्रजी कोश काढला आणि सांगितलं — शब्द मूळचा इटलीकडचा. अर्थ, खराब हवा. दलदलीवरच्या हवेनं ताप येतो, असं तिकडचे जुने लोक समजत. ते चुकले होते, असंही बाबा पुढे म्हणाले असणार... पण ऐकायला थांबतंय कोण! नऊ वर्षांच्या मला शत्रू सापडला होता. विमलच्या उशाची खिडकी मी घट्ट लावली, फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि पहाऱ्याला बसले.

पोळ्याच्या दुपारी बैल निघाले — रंगवलेली शिंगं, झुली, गोंडे. विमल वर्षभर त्यांची वाट पाहायची. गोधडी सारून ती उठू लागली, तशी मी तिला पुन्हा निजवलं. उद्या पोरांचा तान्हा पोळा, तुला लाकडी नंदी ओढायला देईन, अशी समजूतही घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल गेली.

आई जन्मभर स्वतःच्या हातांना दोष देत राहिली. खिडकीचं मी तिला कधीच सांगितलं नाही. खिडकीनं कुणी मरत नाही, हे मला केव्हाच कळलंय. पण एका शब्दाच्या जुन्या, चुकलेल्या अर्थापायी मी विमलचे शेवटचे बैल हिरावले, याची लाज अजून जात नाही. तिनं मागितलं तरी काय होतं?

"ताई, घुंगरू वाजून राह्यले वं... थोडीशीच उघड."