आगीतून काढलेली कढई

कढई गॅसवर चढवण्याआधी आई ती सराट्याच्या, म्हणजे उलथण्याच्या, दांड्यानं एकदा वाजवायची. टण्ण. घंटेसारखा लांब आवाज घरभर जायचा, मग ती तेल ओतायची. "बीड हाये हे, ओतीव लोखंड," ती मला सांगायची. "पत्र्याची कढई आपटली तं तिले पोचा पडते. बिडाले पोचा नाही पडत, ते फुटतेच. अन् फुटाच्या आधी आवाज बदलते."

मागच्या महालक्ष्म्यांच्या सणापासून आईनं कढई वाजवणं सोडलं. कढई मात्र सोडली नाही. रोज तीच चढवायची, रोज न वाजवता.

ही कढई तिनं लग्नानंतर पोहरादेवीच्या जत्रेत घेतली होती. गर्दीत डोक्यावर धरून आणली, कारण खाली ठेवली असती तर कोणाच्या तरी पायानं गेली असती. वांग्याची भाजी, झुणका, पाटवड्या, रविवारचं मटण, सगळं त्याच कढईत. साबण कधी लावला नाही. गरम असतानाच मिठानं घासायची, फडक्यानं पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. इतक्या वर्षांत तिच्यावर काळी, तुकतुकीत साय चढली होती. झुणका केला की बुडाची खरपुडी अख्खी सुटून यायची आणि त्यावरून माझं आणि आईचं भांडण व्हायचं.

आईला रिसोडला शाळेत शिपायाची नोकरी लागली म्हणून आम्ही दोघी धनजहून इथे आलो. बाबा शेतीपायी गावीच राहिले. खोली शोधताना काय झालं ते आमच्या समाजातल्या कोणाला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. खोली दाखवायचे, नळ दाखवायचे, पंखा फिरवून दाखवायचे आणि मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की घरात विचारून सांगतो म्हणायचे. त्या घरांमधलं विचारणं अजून चालूच असेल.

एका काकूंनी आडनाव ऐकलं आणि तरी किल्ली दिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. भाडं देऊन राहायचं आणि वर उपकारही मानायचे? पण आईनं मला आधीच दटावलं होतं. "तुही पत्रकं तू चौकात वाट. या अंगनात नाही. मले हे खोली टिकवायची हाये."

मी पत्रकं लिहिते, वाटते, सभेत माइक हातात आला तर बोलतेही. पत्रकात समोरचा माणूस सरळसोट वाईट लागतो. काकू तशा नव्हत्या. आईला ताई म्हणायच्या. आमच्या दारात बसून शेंगा सोलायच्या, टीव्हीवरच्या सुनांना शिव्या घालायच्या, हसवून हसवून बेजार करायच्या. फक्त आईनं चहाचं विचारलं की म्हणायच्या, "आत्ताच झाला, ताई." सकाळी, दुपारी, दिवे लावायच्या वेळी, कधीही विचारा, त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. त्यांच्या बैठकीपर्यंत आम्ही जायचो. आतल्या स्वयंपाकघराचा उंबरा आम्हाला लांबूनच ठाऊक होता.

म्हणून महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी काकू दारात येऊन जे बोलल्या, ते ऐकून आई उभीच राहिली.

"ताई, तुमची ते मोठी कढई देता का? आमची लहान पडून राह्यली. पुऱ्या लई हायेत."

आईनं कढई पुसली, तेलाचं बोट फिरवलं, स्वतः उचलून त्यांच्या हातात दिली. मग फोनवर बाबांना सांगितलं. मग मावशीला सांगितलं. "आमची कढई नेली त्यायनं. महालक्ष्मीच्या सैपाकाले!"  पण दुपारी त्यांच्या घरामागून धूर निघताना मला दिसला. शेणाच्या गोवऱ्यांचा पांढरा, जड धूर. घरात गॅस आहे, मग मागं चूल कोणी पेटवली? असेल काही, म्हणून मी सोडून दिलं.

सण झाला आणि कढई परत आली. आईनं ती हातात घेतली आणि खिडकीजवळ नेली. काळी साय गेली होती. आतून बाहेरून ती राखेच्या रंगाची झाली होती, मधेमधे तांबूस. आईनं सराटा उचलला, दांड्यानं वाजवली.

थप्प.

मडकं वाजावं तसा आवाज. काठापासून खाली उतरलेली केसाएवढी चीर तिनं बोटाच्या नखानं शोधून काढली.  कढई पालथी ठेवली आणि कणीक मळायला बसली.

मी घरामागं गेले. तिथं राखेचं गोल रिंगण होतं, मधे कढईच्या बुडाएवढी जागा मोकळी. काकूंच्या सासूबाई, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, तिथंच उन्हात बसल्या होत्या.

"आजी, इथं काय जाळलं?"

"तुमचीच कढई व माय," आजी म्हणाल्या. आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "परक्याचं भांडं देवाच्या सैपाकाले घ्याचं मनलं तं आगीतून काढा लागते. पितळेची असती तं चिंच-राखेनं भागलं असतं. लोखंडाले आगच पायजे. लाल होऊ देली, अन् मंग वरून गार पानी. अशी चरकली! राग नको मानू बरं."

लाल तापलेल्या बिडावर गार पाणी. त्यांना ती पत्र्याची वाटली. पत्र्याची असती तर वाचलीही असती.

मी तावातावानं खोलीत आले. आईनं माझं तोंड बघूनच ओळखलं. "मले माईत हाये," ती म्हणाली. "म्हातारं मानूस हाये ते. जाऊ दे."

"अन् काकू? त्यायनं नाही पायलं?"

"मनलं नं, जाऊ दे."

पुढचे महिने मला नको वाटतात. आमच्या खोलीचं दार अंगणात उघडतं, शेगडी दारासमोरच. काकू येता-जाता आत बघायच्या. आईचं म्हणणं असं की कढई बदलली तर त्या विचारतील, काहून बदलली? मग काय सांगायचं? खरं सांगितलं तर आळ घेतल्यासारखं होईल, आणि आळ घेणाऱ्या भाडेकरूला कोण ठेवतं? म्हणून तीच कढई. पुन्हा तेल पाजून, तापवून तिनं वरचा रंग काळा करत आणला. चीर काही भरली नाही. आई कांदा परतायची आणि चिरेतून तेलाचा थेंब पाझरून खाली ज्योतीवर पडायचा. निळी ज्योत एकदम पिवळी व्हायची, वर झेपावायची, पुन्हा निळी. आई तेवढ्यापुरती मान मागं घ्यायची.

"एक दिवस तुह्या अंगावर येईन हे," मी म्हणायचे.

"तळत नाही मी तिच्यात. परतून राह्यली नुसती."

"भीती वाटते तं फेकून दे नं."

"फेकून देऊ अन् मंग खोल्या पाहत फिरू? सांग, फिरू?"

यावर माझ्याकडं पत्रक नव्हतं. पंचायत अशी की ज्यांनी आमची कढई फोडली त्यांना वाईट वाटू नये, याची काळजी आम्ही घेत होतो. ज्योतीवर थेंब टाकत, मान मागं घेत. मी संध्याकाळी घरी आले की आधी आईचे हात बघायचे.

हिवाळ्यात काकूंची लेक डोहाळजेवणाला माहेरी आली. गोड मुलगी, दिवस भरत आलेले, चालताना कमरेवर हात. आणि काकू पुन्हा आमच्या दारात.

"ताई, कढई द्या बरं. करंज्या हायेत, अनारसे हायेत." मग माझ्याकडं बघून डोळा मारला. "या खेपी सासूबाईले जाळू नाही देत. बस?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतके महिने ठाऊक होतं.

आई म्हणाली, "ताई, हे कढई तडकली हाये. तेल नका चढवू हिच्यात."

"कवा तडकली?"

 मीच सांगितलं. "महालक्ष्म्यायले. लाल करून पानी ओतलं तवा."

काकूंचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "बाप्पा! इतके दिवस मनात धरून होत्या का? रोज तं सैपाक करून राह्यले तुमी तिच्यातच, मी पायतो नं. आमाले द्याची आली तं तडकली. द्याची नसंन तं तसं सांगा, ताई."

आईनं जपलेलं सगळं या एका वाक्यात उलटं पडलं. तिनं कढई उचलली आणि पुढं केली. "घेऊन जा. रवा भाजा, खोबरं भाजा. पन तळू नका. आन घालतो तुमाले."

"हो हो," म्हणत काकू गेल्या.

आई दारात बसली. हातात मेथीची जुडी होती, पण एक पान तुटलं नाही. ती वास घेत होती. आधी खोबरं भाजल्याचा वास आला. मग रव्याचा. तिचे खांदे जरा सैल झाले. मग तापत्या तेलाचा वास आला.

"तेल चढवलं त्यायनं," ती म्हणाली आणि उठली.

मी तिच्यामागं धावले. बैठक ओलांडली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आई थांबली, निमिषभरच, तिचा पाय जणू आपोआप थांबला. आत मोठी शेगडी जमिनीवर ठेवलेली, तिच्यावर आमची कढई तेलानं अर्धी भरलेली. खाली ज्योत पिवळी झालेली. आणि शेगडीला लागून, पाटावर, करंज्या भरत बसलेली काकूंची लेक.

आई आत गेली.

"ताई! ताई, तिथंच थांबा!" काकू ओरडल्या. आजी कोपऱ्यातून उठू लागल्या. आईनं वाकून गॅसचा खटका बंद केला, लेकीला दंडाला धरलं. "ऊठ पोरी. ऊठ. तिकडं सरक." मुलगी घाबरून उठली, कमरेवर हात, दाराशी सरकली. काकू आईचा हात तिच्या दंडावरून सोडवत होत्या.

तेवढ्यात कढई बोलली. टक. खट्याळ पोरानं दगड मारावा तसा छोटा आवाज. या काठापासून त्या काठापर्यंत चीर उघडली आणि तेल बाहेर आलं. फरशीवर धूर सोडत पसरलं, करंज्यांचं ताट वेढलं आणि पाटाखाली गेलं. त्या पाटाखाली.

कोणाला थेंबही लागला नाही. आम्ही सगळ्या पाटाकडं बघत उभ्या होतो. मुलगी पोटावर हात ठेवून रडायला लागली.

मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी म्हणेल.

आजी आईच्या पाठीमागं बोट दाखवून म्हणाल्या, "देवघर तिकडं हाये."

आईला समजलं. ती जशी आली तशी बाहेर पडली. मी दोन क्षण काकूंच्या तोंडाकडं बघितलं. त्या खाली बघत होत्या.

दुपारभर त्यांच्या घरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बादलीमागून बादली. तेल सांडलं होतं, धुवावं लागणारच, आई म्हणाली. मी अंगणात गेले. आजी हातात बाटली घेऊन स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून अंगणात शिंपडत येत होत्या. वास सांगायला नको. आमच्या पायरीपर्यंत शिंपडून त्या परत फिरल्या. गोमूत्रानं तेल निघत नाही. तेल काढायला सोडा लागतो. त्या फरशीवरून त्यांना काय काढायचं होतं ते मी इथे छापील अक्षरात लिहिते: माझ्या आईची पावलं. त्यांच्या लेकीला उठवायला गेलेली.

संध्याकाळी पायरीवर कढईचे दोन तुकडे ठेवलेले दिसले. धुतलेले. कोण ठेवून गेलं ते कळलं नाही, दार वाजवलं नव्हतं. आईनं ते आत आणले, पुसले आणि तेलाचं बोट फिरवलं. 

सकाळी आई भाकरी थापत होती. काकूंचा आवाज आला, दारातून नाही, अंगणाच्या पार पलीकडून.

"अहो बाई, ऐकून राह्यले का? जरा खोलीचं बोलायचं होतं."

ताई नाही. बाई.

मी उठले. "तू बस. मी जातो, सांगतो त्यायले काय सांगायचं ते."

"तू भाकर पलटव," आई म्हणाली. तिनं हात धुतले, पदरानं पुसले. मग फळीवरचा कढईचा मोठा तुकडा उचलला, सराट्याच्या दांड्यानं एकदा वाजवला, ऐकलं आणि तो काकूंना दिसेल असा हातात धरून अंगणात गेली.