गोठ्यातला सुवार्तिक: शिरूर ते खुटबाव

शमुवेल मामाचा फोन आला की मी ‘कसा आहेस’ असं विचारत नाही. गाडीत पेट्रोल किती आहे ते आठवते. मामा निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर, आणि त्याच्याच शब्दांत ‘पूर्णवेळ सुवार्तिक, अर्धवेळ गुडघेदुखी’. दर वर्षी नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तो शिरूरपासून दौंड तालुक्यातल्या खुटबावपर्यंत प्रभू येशूची पत्रकं वाटत जातो. अकरा वर्षं एसटीनं गेला. यंदा गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्यांशी असहकार पुकारला, म्हणून भाचीची आठवण झाली.

भाची म्हणजे मी. जन्मानं ख्रिस्ती, सवयीनं नाताळापुरती.

“येते, पण मला प्रचार करायला लावायचं नाही,” मी आधीच सांगून टाकलं.

“तू फक्त गाडी चालव,” मामा म्हणाला. “शेजारी बसणाऱ्याला देव आपोआप आठवतो.”

शनिवारी पहाटे पुण्यातून निघालो. तुम्ही जाणार असाल तर वाघोली साडेसहाच्या आत ओलांडा. नंतर वाघोली तुम्हाला ओलांडू देत नाही. शिक्रापूरपर्यंत कंपन्यांच्या बस आणि टेम्पो तुमच्या अंगावरून जाऊ बघतात. रांजणगावच्या पुढे रस्ता जरा माणसात येतो. नऊ वाजता शिरूरमध्ये होतो. गावातले जुने लोक अजून घोडनदीच म्हणतात. स्टँडजवळ भजी-पाव आणि दोन चहा, दोघांचे मिळून शंभराच्या आत. भज्यांतल्या मिरचीला मात्र वेगळा आरोग्यविमा लागेल.

मामानं बाजारात कामाला सुरुवात केली. त्याची पद्धत साधी आहे. नमस्कार करायचा, पत्रक द्यायचं, एक वाक्य बोलायचं, पुढं सरकायचं. कुणी नको म्हटलं तर पुन्हा नमस्कार. मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या एका मावशींनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

“मामा, ह्यात कांद्याचा भाव हाय का?”

“नाही मावशी, तारणाचा मार्ग आहे.”

“फुकट हाय?”

“अगदी फुकट.”

“मग कायतरी गोम आसंल,” असं म्हणत मावशींनी पत्रकाची व्यवस्थित घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि मामाला मेथीची एक जुडी जबरदस्तीनं दिली. अशी ही शिरूरची पद्धत: फुकट घेतलं तरी कुणाच्या उपकारात राहायचं नाही. दुपारपर्यंत मामाची पत्रकं शंभरनं कमी झाली होती आणि माझ्या गाडीत मेथी, दोन पेरू आणि एक मुळा जमा झाला होता.

रात्रीचा मुक्काम शिरूरलाच. लॉज हजाराच्या आत मिळतो, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच असतं आणि तेही श्रद्धेचा विषय आहे. रविवारी सकाळी तिथल्या छोट्या चर्चमध्ये उपासना झाली आणि आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागलो. सव्वा तासाचा रस्ता, पण कारखाने चालू असल्यानं पुढे उसाची ट्रॉली असतेच, आणि तिला मागच्या जगाशी काही देणंघेणं नसतं. पारगावला भीमेच्या पुलावर क्षणभर हळू जा. पाण्यावर बगळे इतके निवांत असतात की आपणच उगाच घाईत आहोत असं वाटतं.

चौफुला ज्यांना माहीत आहे ते इथे गालात हसतील. लावणीच्या बैठका होतात तिथं. मामानं नेमकी एका कला केंद्राच्या फाटकासमोर गाडी थांबवायला लावली.

“मामा, इथे?”

“का? इथली माणसं माणसं नाहीत?”

फाटकावरच्या वॉचमननं मामाच्या पांढऱ्या शर्टाकडं, बगलेतल्या पिशवीकडं आणि माझ्याकडं पाहिलं. “आजोबा, बैठक संध्याकाळी. आन् बाईमाणसं आत न्हाईत सोडत.”

मामानं त्याला पत्रक दिलं. तेवढ्यात आतून केस वाळवत आलेल्या एका बाईंनी खुर्ची मागवली, मामाला बसवलं आणि एका वाक्यावर न थांबता त्याचं सगळंच ऐकून घेतलं. वीस मिनिटं. मग म्हणाल्या, “आमच्याकडं येणारा पयला माणूस तुम्ही, जो सोताच बोलला आन् पैशे न उधळता गेला.” वर चहा पाजला. अख्ख्या प्रवासातला सर्वांत चांगला चहा तोच, पण पत्ता सांगताना जपून सांगा.

पुढे एका गुऱ्हाळावर थांबलो. कामगार उत्तर प्रदेशचे. जवळच्यांना सांगून झालं, आता दूरच्यांना, असं म्हणत मामानं हिंदी बाहेर काढली. “प्रभु तुम पर बहुत प्रेम करता है. आणि गूळ पण तुम्हारा एक नंबर है.” सगळ्यांनी दोन्ही वाक्यांना सारख्याच गांभीर्यानं मान हलवली आणि काकवीचा पेला पुढे केला.

दुपारी तीनला खुटबाव. इथे मामाचं हक्काचं एकच घर: आप्पा आणि कमलकाकूंचं. मळ्यात वस्ती, दारात ट्रॅक्टर, मागे म्हशींचा गोठा. अकरा वर्षं मामा इथे जेवतोय. मागच्या खेपेला काकूंनी पुतण्याच्या लग्नासाठी प्रार्थना करायला लावली आणि दोन महिन्यांत त्याचं जमलं. शेतकरी मुलाला मुलगी मिळणं म्हणजे काय चमत्कार आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मामाची पत तेव्हापासून किती वाढली असेल हे सांगायला नको.

यंदा पाळी स्वतःच्या मुलाची होती. संतोष, वय तेहतीस. तो फाटकातच मामाला बाजूला घेऊन कुजबुजला. मी जवळच होते.

“मामा, आज यवतचे पाव्हणे घर बघायला येत्यात. पोरगी मेडिकलमधी फार्मासिस्ट हाय. आप्पांनी सांगितलंय मी कंपनीत परमनंट हाय म्हणून. खरं तर काँट्रॅक्ट दिवाळीलाच संपलं. सध्या म्हशीच बघतोय. तेवढं सांभाळून घ्यायला सांगा तुमच्या देवाला.”

“खोटं सांभाळायचं खातं त्याच्याकडं नाही रे,” मामा म्हणाला.

तेवढ्यात आप्पा घाम पुसत आले. “मास्तर, राग मानू नका. पण पाव्हण्यांनी तुम्हाला बघितलं तर त्यांना वाटंल आमच्या घरानं धर्मच सोडला. सध्याचे दिवस कसे हायेत! तासभर गावात फिरून या.”

“काय एक न्हाई,” आतून काकू. “त्यांचा पाय घराला लागलाय, प्रार्थना केल्याबिगर त्यांना घालवायचं न्हाई!”

“अगं पण स्थळ मोडंल!”

“मोडायचंच आसतं तर पाव्हणे निघालेच नसते!”

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. घाबरलेल्या आप्पांनी मामाचा दंड धरला आणि त्याला थेट गोठ्यात नेऊन बसवलं. मी मागोमाग गेले.

“मामा, कुणी विचारलंच तर सांग, शाळेत शिक्षक होतो. खोटंही नाही आणि खरंही नाही. माझी अर्धी नोकरी ह्यावरच निघाली.”

मामा गवताच्या भाऱ्यावर टेकत म्हणाला, “नाताळाच्या आठवड्यात गोठ्यात जागा मिळाली. आमच्यात याला मान समजतात.”

आता आप्पांची चूक तुम्हा शहरी वाचकांच्या लक्षात येणार नाही, पण त्या गावातल्या लहान पोराच्याही आली असती. मुलीकडचे घर बघायला आले की आधी काय बघतात? हॉल? टीव्ही? यवतचे आबा, म्हणजे मुलीचे आजोबा, गाडीतून उतरले, पागोटं नीट केलं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाले, “चला, आधी जनावरं दावा.”

त्यांच्या मागे मुलीची आत्या. धारदार नाक, त्याहून धारदार नजर. गोठ्यात सात म्हशी, भाऱ्यावर मामा, आणि सर्वांत पुढची म्हैस पिशवीतून ओढलेलं पत्रक शांतपणे चघळतेय. ‘तारणा’पर्यंत आत गेलं होतं, ‘मार्ग’ बाहेर लोंबत होता.

आबांनी पिशवीतलं दुसरं पत्रक उचललं, डोळ्यांजवळ धरून वाचलं. “हे कोण?”

आप्पा पुढे झाले. “आमच्या संतोषचे... म्हंजी शिक्षक हायेत. निवृत्त.”

आबांनी मामाकडं पाहिलं. मीही पाहिलं, डोळ्यांनीच हात जोडून. भीतीपोटी येशूलाच ‘मी ओळखत नाही’ म्हणणाऱ्या शिष्यावर ह्या माणसानं आयुष्यभर उपदेश केलाय हे मला आठवायला हवं होतं.

“शिक्षक होतो,” मामा उठून उभा राहत म्हणाला, “पण संतोषचा नाही. मी प्रभू येशूचा सुवार्तिक. त्याच कामासाठी ह्या घरी येतो.”

आबांचा आवाज चढला. “म्हंजी ह्या लोकांनी देव बदलले? आन् आम्हाला सांगितलं न्हाई? चल गं, गाडी काढायला सांग.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. संतोष म्हशीमागं गेला.

“आबा, थांबा,” मामा म्हणाला. “अकरा वर्षं येतोय मी. मला जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगून झालंय. ह्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि प्रत्येक वेळी मलाच सत्यनारायणाचा प्रसाद खायला घातला. देव्हाऱ्यातला एक देव हलला नाही. ह्या घरात माझ्याइतका नापास झालेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही. पाहिजे तर लिहून देतो.”

मी मामाला आयुष्यभर ओळखते. वर्गात पास-नापास करण्यात ज्याची हयात गेली, त्यानं स्वतःचा निकाल असा सात म्हशींसमोर वाचून दाखवला.

आबा थोडे निवळले. पण आत्या पुढे आली.

“तुम्ही खोटं बोलत न्हाई तर?”

“प्रयत्न करतो.”

“पोरगा पितो का?”

“माझ्या पाहण्यात नाही.”

“कंपनीत परमनंट हाय ना?”

म्हैस चघळत राहिली. आप्पांनी डोळे मिटले. मामानं संतोषकडं पाहिलं. ते बघणं रागाचं नव्हतं, विनवणीचंही नव्हतं. परीक्षेत मुलानं स्वतः उत्तर लिहावं म्हणून वाट बघणारा शिक्षक तसा बघतो.

“न्हाई, आत्या,” संतोष म्हशीमागून बाहेर आला. “काँट्रॅक्ट होतं. दिवाळीला संपलं. दूध घालतोय आन् आजून चार म्हशी घ्यायचा इचार हाय. आप्पांनी माझ्यासाठीच सांगितलं तसं. पर मास्तर माझ्यापायी उघडे पडले, आता मला गप बसवंना.”

आबांनी कोपऱ्यातली म्हैस थोपटली. पोहे झाले, चहा झाला. “कळवतो,” असं म्हणून पाव्हणे निघाले. ‘कळवतो’चा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला कळतो. काकूंनी आम्हाला भाकरी बांधून दिली, पण प्रार्थना करा म्हणाल्या नाहीत.

परतीला सोलापूर रस्त्यानं आलो. यवतच्या पुढे रस्त्याकडेला गूळ मिळतो, खात्रीचा हवा असेल तर काळपट घ्या. सोनेरी गुळावर विश्वास ठेवू नका. लोणी ते हडपसर तासभर रखडलो. मामा एवढंच म्हणाला, “सुले, मी त्या पोराचं लग्न मोडलं.” मला ‘नाही रे’ म्हणता आलं नाही. खोटं वाटलं असतं, आणि दिवसभर पाहिल्यावर ते बोलायची हिंमत नव्हती.

घरी येऊन मेथी निवडली. ह्या प्रवासात काय मिळालं असं विचाराल तर रस्ता ठीक आहे, जेवण चांगलं आहे, दोन दिवस पुरतात. पण बावन्न वर्षं मी धर्म कळू न देणारं माझं आडनाव पुढे करून बिनबोभाट राहतेय, कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता कुणी विचारू नये म्हणून विषय बदलताना मला गोठ्याचा वास येतो. बरं वाटत नाही. कुणाला यावर उपाय ठाऊक असेल तर मामाला सांगू नका.

आठव्या दिवशी काकूंचा मामाला फोन आला. मी तिथेच होते, त्यानं स्पीकर लावला. आत्याचा भाचा त्याच कंपनीत होता. संतोषचं काँट्रॅक्ट संपल्याचं तिला आधीच ठाऊक होतं. आधीच्या तीन स्थळांनीही परमनंट म्हणूनच सांगितलं होतं आणि तिन्ही खोटी निघाली होती. पोरगी म्हणाली, म्हशी चालतील. सुपारी फुटली.

“मास्तर, लग्नाला यायचंच,” काकू ओरडून सांगत होत्या. मागून आप्पांचा आवाज आला, “पर पिशवी घरी ठिवा म्हणावं!”

“पिशवीशिवाय मी कुठं जात नाही,” मामा म्हणाला.

पलीकडे बराच वेळ दोघांची वादावादी चालली. मग काकू पुन्हा फोनवर आल्या.

“आणा. पर अक्षता पडल्यावर वाटा.”

मामानं मान्य केलं, फोन ठेवला, चष्मा पुसला. आठशे पान उठणार असं काकूंनी सांगितलं होतं.

“तेवढी पत्रकं आहेत का तुझ्याकडं?” मी विचारलं.

“नाहीत,” मामा म्हणाला. “चल, प्रेसवर सोड.”