चर्चच्या आवारात वाचलेला अर्ज

अंगठ्याच्या शाईचा वास आला, की झाशीतील चर्चचे ते आवार आठवते. तेथे एका ख्रिस्ती गृहस्थांचे पुस्तकांचे दुकान होते. आजाऱ्याने औषध सोडून केवळ प्रार्थना करावी, असे सांगणारे एक पुस्तक ते विकत. ही खोटी शिकवण असल्याने त्यांची आवारातील दुकानाची खोली काढून घ्यावी, असा अर्ज पाद्रीसाहेबांच्या नावे लिहिण्यासाठी चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून पोट भरणाऱ्याला, पाचारण केले. आक्षेपार्ह मजकुराशिवाय अर्जास वजन येत नाही, म्हणून मी पुस्तकातील अर्धे पान त्यात उतरवले. आणि ऐकवल्याविना अंगठा घ्यायचा नाही हा माझा नियम असल्यामुळे अंगठा द्यायला जमलेल्यांसमोर तो अर्ज खणखणीत आवाजात वाचला. अंगठ्याला शाई लावून बसलेली एक दमेकरी वृद्धा म्हणाली, “बाबूजी, ते औषधाचं पुन्हा वाचा.” मी वाचले. ती अंगठा पदराला पुसून थेट दुकानात गेली आणि तेच पुस्तक मागू लागली. दुकानदार म्हणाले, “अम्मा, मी हे विकतो, मानत नाही. आजची गोळी घेतलीत?” तिने नकारार्थी मान हलवताच त्यांनी पाण्याचा पेला भरला आणि तिच्या बटव्यातील गोळी तिला घ्यायला लावली. दारातून हे पाहणारे सभासद माझ्याकडे वळले. “बाबूजी, अर्ज राहू द्या.” मसुद्यात काही उणीव आहे का, असे मी विचारले. “नाही, फारच उत्तम वाचून दाखवलात,” ते म्हणाले. तो मसुदा मी अजून जपून ठेवला आहे. मात्र कोणाला वाचून दाखवत नाही.