जावकबाईंचा राजीनामा

जावकबाई न वाचता कशावरही सही करत नसत. कुरिअरची पावती असो, नाहीतर ऑफिसच्या सहलीची यादी. चष्मा चढवून शेवटच्या ओळीपर्यंत जायच्या आणि मगच पेन उघडायच्या. कुणी कंटाळलं तर म्हणायच्या, "सही म्हणजे आपण स्वतः. स्वतःला असं कुठेही टाकून येतात का?"

दादरच्या आमच्या कंपनीत आवक-जावक पत्रांची नोंद त्यांच्याकडे असे, म्हणून हे नाव. खरं आडनाव परब. नवरा लवकर गेलेला; घोडपदेवच्या चाळीत मुलगी सुजाताबरोबर राहायच्या. साहेबांच्या केबिनबाहेर बसून त्यांची पत्रं टाइप करणं हे माझं काम. मी नवीन असताना पत्राची घडी कशी घालायची इथपासून बाईंनी मला शिकवलं. एरवी बोलायच्या साध्या मराठीत, पण जीव लावला की मालवणीत शिरायच्या. माझ्याशी त्या बहुतेक मालवणीतच बोलायच्या.

एका सकाळी साहेबांनी मला एक राजीनामा टाइप करायला दिला. 'वैयक्तिक कारणास्तव' वगैरे, आणि खाली बाईंचं नाव. मी तो टाइप करून दिला. दुपारी बाईंना आत बोलावलं. दोन तास दार बंद होतं. सही करा, नाहीतर ऑफिसातून गहाळ झालेल्या काही कागदांचा आळ तुमच्यावर घेऊ, पोलीस चाळीत येतील, असं त्यांना सांगण्यात आलं. सुजाताचं लग्न ठरलेलं होतं.

बाहेर आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. "सगळा वाचलंय गो," त्या म्हणाल्या. "एक अक्षर माझा नव्हता. तरी सही केलंय."

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीला पत्र धाडलं : कालची सही धमकावून घेतली आहे, मी राजीनामा मागे घेते. मग भोईवाड्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेल्या. पत्र लगेच पाठवलंत हे उत्तम झालं, असं ते म्हणाले. महिनाभर गप्प बसला असतात तर स्वखुशीने गेलात असंच धरलं असतं. काम कारकुनीचं, म्हणजे कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येईल, तिथे समेट झाला नाही तर कामगार न्यायालय. मात्र जबरदस्ती झाली हे सिद्ध करावं लागेल. राजीनामा बाईंना बोलावण्याआधीच तयार होता, हे सांगणारं कुणी आहे का?

मीच होते. बाईंनी मला दादरच्या एका हॉटेलात चहाला बोलावून हे सगळं सांगितलं, पण 'साक्षीला ये' म्हणाल्या नाहीत. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, कमावणारी मी एकटी. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. "तू येव नको. तुझा घर मोडून माझा काय उभा रवाचा नाय."

समेट झाला नाही. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. पुढच्या वर्षी असेच राजीनामे घ्यायला आणखी तिघांना केबिनमध्ये बोलावणार असं कानावर आलं, तेव्हा बाईंनी स्वतः त्यांना गाठलं. जागच्या जागी सही करू नका, वेळ मागा, काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून ईमेल करा, असं पढवलं. ते तिघे आजही नोकरीत आहेत. बाई मात्र खंगत गेल्या. शेजारणींना सांगायच्या, "माका काढली नाय, मी सही केलंय." तीच गोष्ट त्यांना खात होती. सुजाताच्या लग्नानंतर काही महिन्यांतच त्या गेल्या. झोपेतच.

वारस म्हणून खटला सुजाताने पुढे चालवला. तेव्हा कुठे मी साक्षीला उभी राहिले. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, इतके दिवस गप्प का होतात? "घाबरले होते," मी म्हणाले.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. राजीनामा स्वेच्छेचा नव्हता, सबब मृत्यूच्या दिवसापर्यंत त्या सेवेतच होत्या असं धरावं, असा आदेश झाला. बाहेरच्या बाकावर सुजाताने वकिलांना पुन्हा विचारलं, "म्हणजे आई नोकरीत असतानाच गेली ना?"

ते हो म्हणाले. सुजाता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचाही धीर झाला नाही.