पिवळा की निळा

सांगवीच्या सर्जेराव रंगाऱ्यानं बारामतीतले कैक बंगले रंगवले, पण स्वतःच्या घराला वीस वर्षांत चुन्यापलीकडं काही लावलं नाही. माणूस कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर दोन रंगांचे हातभर पट्टे ओढायचा आणि दम द्यायचा, "वल्या रंगाला भुलू नका. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवं लावल्यावर बघा. मग बोला!"

१९९४च्या उन्हाळ्यात त्याची बायको फुलाबाई अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि "घरी न्या" एवढंच सांगितलं. त्याचा अर्थ सर्जेरावाला कळला होता, पण कळून घ्यायचा नव्हता. त्यानं कामं बंद केली आणि तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर दोन पट्टे ओढले. एक हळदीसारखा पिवळा, दुसरा गडद निळा.

"बरी झालीस की रंगीत घरात ऊठ. बोल, कुठला लावू?"

चार दिवस फुलाबाई पडल्या पडल्या पट्टे बघत राहिली. सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर. सर्जेरावाला हुरूप आला. शेजारच्या कुशाबाईला म्हणाला, "जिला रंग निवडायचाय, ती कुठं जातीय?"

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "निळा लावा."

"आगं, पिवळ्यानं उजेड पडंल की."

"पिवळ्यावर झेंडूचा हार दिसायचा न्हाय, अवो. माझा फोटू हितंच लावशीला न्हवं?"

सर्जेरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग तिचा होता, डॉक्टरांचा होता, त्या निळ्या पट्ट्याचाही होता. त्यानं तिची खाट अंगणात लिंबाखाली नेली आणि दिवस मावळायच्या आत चारी भिंती पिवळ्याधमक करून टाकल्या. निळा पट्टा झाकायलाच तीन हात मारावे लागले.

"आता लाव कुठं लावतीस हार!" त्याचा आवाज फाटला.

"हट्टी ते हट्टीच," म्हणत फुलाबाई हसली. त्यानंतर ती हसलेली त्याला आठवत नाही. आषाढात ती गेली.

दसऱ्याला लेकीनं, सुप्रियानं, आईच्या फोटोला झेंडूचा हार घातला. सर्जेराव उंबऱ्यात उभा राहून बराच वेळ बघत होता. हार कुठं संपतो आणि भिंत कुठं लागते, काही कळत नव्हतं.

"दिसत न्हाय गं," तो फोटोला म्हणाला. "तुझंच खरं हुतं."