सुनंदाताईंचे धडे

सुनंदाताई गेल्याचं मला सात रस्त्यावरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकानं सांगितलं, आणि त्याच दमात विचारलं, "उद्यापासून त्यांची बॅच तू घेशील ना?" महिना उलटला, तरी त्या माणसाला मी माफ केलेलं नाही... करणारही नाही. हा लेख शांत डोक्यानं लिहिलेला नाही, हे वाचकांनी समजून घ्यावं.

ताई सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मी कुंभारीहून त्यांच्याकडे शिकायला यायची. लिनक्सचा तो काळा पडदा बघूनच मी कीबोर्डवरनं हात उचलून घ्यायची. ना चित्र, ना बटण, माऊसचं काही कामच नाही, कॉम्प्युटरला सगळं लिहूनच सांगायचं. ताई खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. "भितीस कशाला? तू सांगशील त्येवडंच करतंय की त्ये!" फाईल पुसायची तर आधी 'एलएस' लिहून ती डोळ्यांनी बघायची, मगच 'आरएम' लिहून पुसायची, हा त्यांचा नेम. मेंढरू घेण्याआधी पाठीवर हात फिरवून बघतात ना, तसंच. "हितं कचरापेटी न्हाय. गेलं म्हंजे गेलं. आदी बग, मग पूस."

सगळे धडे त्यांनी स्वतः मराठीत लिहिले होते. मालकानं त्यांचं नाव काढून आपलं घातलं. त्यानंतर ताई क्लासात कधी डबा उघडून जेवल्या नाहीत. आणि शोकसभेत हा म्हणतो, "माझे धडे ताई फार सुंदर शिकवायच्या." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच!

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या सर्व्हरपुढे बसले. शिकले तिथंच नोकरीला लागल्यापासून तो मीच सांभाळते. मालकाचं अख्खं फोल्डर उडवायचं ठरवलं होतं, पण बोटांनी सवयीनं आधी 'एलएस' लिहिलं, आणि समोर ताईंचेच धडे ओळीनं उभे राहिले. ते कसे पुसणार मी? रडले... मग मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि वेगळंच काम केलं.

आता कुणीही विद्यार्थी लॉगिन झाला की पहिली ओळ येते, 'हे धडे सुनंदाताईंनी लिहिले.'

मालक भर बॅचमध्ये ओरडत आला, "काढ ते आधी!"

"तुमीच काढा की, सर," मी उठून त्याला खुर्ची दिली. "धडे तुमचेच हायती न्हवं?"

अख्खी बॅच बघत होती. तो काळ्या पडद्यापुढे बसला आणि माऊस शोधू लागला.