तिसरी बाटली
कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगड पुसताना एका तांबूस दगडावर तोंडाची वाफ सोडली की ओल्या मातीचा वास येतो आणि लडाखमधली ती घळ आठवते. कोलकात्याहून मुलं भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेली होती आणि सामान सांभाळायला मी, आठवीत शाळा सोडून साताऱ्याहून इतक्या लांब, कोलकात्याच्या या कॉलेजात कामाला आलेला. उघड्याबोडक्या कड्यांच्या तळाशी मुलं थर मोजत होती, मी ओढ्यावर बाटल्या भरत होतो. एक गढूळ निघाली. माझाच हात तळाला लागला असेल, म्हणून ओतून दिली. दुसरीही तशीच. आभाळ निळंशार, वारासुद्धा पडलेला. शिकलेल्यांना आपण काय सांगायचं, म्हणून तीही ओतून दिली. तिसरी मात्र मुलांना शिकवणाऱ्या मॅडमपुढे धरली. "दादा, वाळवंटात बुडवताय की काय आम्हाला?" एक मुलगा हसला. मॅडम हसल्या नाहीत. "वर डोंगरात पाऊस झालाय. पिशव्या टाका, चढा." आम्ही वर पोचून मागे पाहिलं तर मुलं थर मोजत होती त्या जागेवरून चिखलाचं पाणी धडधडत चाललं होतं. पिशव्या गेल्या, हा दगड तेवढा माझ्या खिशात राहिला. मॅडमनी माझं ऐकलं, ते उपकार फिटायचे नाहीत. पण कोलकात्यात बेहालाच्या माझ्या खोलीत अजूनही पाण्याचा पेला मी आधी उजेडात धरतो, आणि ओतून दिलेल्या त्या दोन बाटल्या आठवतात.